वानखेडेचे स्टँड आणि सिनसिनाटीची मोजपट्टी

मे २०२५मध्ये वानखेडे स्टेडियमवर अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांच्या नावांचे स्टँड झाले आणि मैदानावर मानाने कुणाचे नाव लागावे, हा मराठी क्रिकेटप्रेमींतला जुना वाद पुन्हा पेटला. पवार खेळाडू म्हणून नव्हे, प्रशासक म्हणून ओळखले जातात. रोहित तर तेव्हा एकदिवसीय सामने खेळत होता. वाडेकरांना हा मान मिळाला तो त्यांच्या निधनानंतर जवळपास सात वर्षांनी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बसून हा वाद वाचताना एक गोष्ट फार खटकते. सगळे नावांवर भांडतात, पण नाव कोणत्या नियमाने ठरावे हे फारसे कुणी विचारत नाही.

याच राज्यातल्या सिनसिनाटी रेड्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने १९५८मध्ये स्वतःचे हॉल ऑफ फेम, म्हणजे मानकरी खेळाडूंचे दालन, सुरू केले. २००४पासून त्याचे संग्रहालय मैदानाला लागूनच आहे. बेसबॉलचे राष्ट्रीय हॉल ऑफ फेम वेगळे, ते न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी. तिथल्या नेहमीच्या वाटेने जायचे तर किमान १० हंगामांचा खेळ, निवृत्तीनंतर ५ वर्षांची थांबणूक आणि मतदार पत्रकारांपैकी ७५ टक्क्यांचा कौल लागतो. ५ टक्क्यांच्या खाली घसरलेले नाव मतपत्रिकेवरून जाते. रेड्सची अट साधी आहे: आमच्याकडून किमान तीन हंगाम खेळलेला असावा आणि खेळ सोडून तीन वर्षे झालेली असावीत. देशभर काय कमावले यापेक्षा या संघासाठी काय केले, एवढेच तिथे पाहतात.

याचा उपयोग काय, ते एर्नी लोम्बार्डींकडे पाहून कळते. रेड्सचे हे कॅचर, म्हणजे बेसबॉलचे यष्टिरक्षकच, १९३८मध्ये नॅशनल लीगचे (अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. १९५८च्या पहिल्याच तुकडीत संघाने त्यांना घेतले. कूपरस्टाउनला जाग आली १९८६मध्ये, आणि ते तर १९७७मध्येच वारले होते. डेव्ह कॉन्सेप्सियोन १९७०पासून १९८८पर्यंत सलग १९ हंगाम फक्त रेड्सकडून, मुख्यतः शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागी खेळले. १५ वर्षे मतपत्रिकेवर राहूनही पत्रकारांच्या मतांनी त्यांना कूपरस्टाउन मिळाले नाही. संघाच्या हॉलमध्ये मात्र ते २०००पासून आहेत, आणि २००७मध्ये त्यांचा १३ क्रमांकही निवृत्त झाला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असे ठरले.

मुंबईला अशाच मोजपट्टीची गरज आहे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, सरासरी २०च्या आत. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी मद्रासमध्ये तमिळनाडूचे एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी टिपले आणि मुंबईने सलग पंधरावे विजेतेपद नेले. कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही. मार्च २०२५मध्ये ते गेले. अमोल मुझुमदारने प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, २००६-०७मध्ये मुंबईला रणजी जिंकून दिली, आणि भारताची टोपी त्यालाही मिळाली नाही. मान देताना कसोटी आणि विश्वचषकच मोजले, तर ही माणसे कायम दुसऱ्या रांगेत राहणार. मुंबईच्या संघाने मुंबईसाठी घाम गाळलेल्यांना आधी ओळखायला हवे. ते काम भारतीय मंडळ करणार नाही.

मग लोकांनाच विचारा, मोबाइलवर मते घ्या, असा एक सूर निघतो. त्याचे उत्तरही सिनसिनाटीतच आहे. १९५७च्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या लढतीसाठी, चाहत्यांची मते मागवली होती. स्थानिक वृत्तपत्राने रेड्सच्या नावांवर आधीच खुणा केलेल्या मतपत्रिका छापल्या आणि नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात रेड्सच्या खेळाडूंनी भरल्या. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी रेड्सच्या गस बेल आणि वॉली पोस्ट यांना काढून इतर संघांचे विली मेज आणि हँक आरन यांना घेतले. चाहत्यांचा मताधिकार गेला, तो १९७०मध्ये परत आला. म्हणून चाहत्यांचे मत असावे, पण ते एकटे नसावे. जुने खेळाडू आणि खेळ वर्षानुवर्षे पाहिलेले पत्रकार त्यांच्याबरोबर हवेत. मतपत्रिकेच्या काळाआधीचे खेळाडू कुणाला आठवत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी जाणकारांची समितीही हवी.

नियम असूनही पेच पडतातच. रेड्सचे पीट रोझ यांचे ४,२५६ हिट्स (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठण्याच्या वेळा) हा आजही विक्रम आहे, पण बेसबॉलवर पैज लावल्याबद्दल १९८९मध्ये त्यांच्यावर कायमची बंदी आली. रेड्सच्या संग्रहालयात त्या प्रत्येक हिटसाठी एक याप्रमाणे ४,२५६ चेंडूंची भिंत उभी आहे. तरी हॉलमध्ये त्यांना घेतले ते २०१६मध्ये, आयुक्तांची परवानगी मिळाल्यावरच. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या संघाने चाहत्यांच्या मतांवरून त्यांचा सन्मान जाहीर केला आणि न्यायालयीन कागदपत्रांतून गंभीर आरोप पुढे आल्यावर कार्यक्रम रद्द केला. जाहीर करण्याआधी चौकशी करायला हवी होती. घोषणेनंतरची माघार सगळ्यांनाच लागते.

प्रशासकांना जागाच नको, हे मात्र मला पटत नाही. सत्तरच्या दशकातला रेड्सचा जगज्जेता संघ बांधणारे बॉब हॉसम यांना २००४मध्ये हॉलमध्ये घेतले, आणि ते योग्यच झाले. फक्त पदावर असताना कुणाचा विचार होऊ नये, आणि पद सोडल्यावर खेळाडूइतकीच वर्षे थांबावे.

मुंबई क्रिकेट असोसिएशनने पुढचे नाव ठरवण्याआधी दोन पानांचा नियम छापावा. मुंबईकडून किमान ५० रणजी सामने किंवा तीन विजेत्या मोसमांत नियमित जागा, निवृत्तीनंतर तीन वर्षे, मतदारांची यादी आणि प्रत्येकाला पडलेली मते उघड. दोन वर्षांत जास्तीत जास्त तीन नावे घ्यावीत, नाहीतर भिंत भरते आणि मानाला वजन राहत नाही. महिलांना मात्र वेगळी अट लागेल. त्यांना प्रथम श्रेणीचे सामनेच इतके कमी मिळाले, की ५०ची अट लावली तर एकही जण आत येणार नाही. त्यांच्यासाठी मोसम मोजावेत.