कुंदाची जट

पाहुण्यांना आमचा ससा दाखवला की ते आधी विचारतात, "तोंड कुठल्या बाजूला आहे?" प्रश्न रास्त आहे. अंगोरा जातीचा ससा म्हणजे नुसते केस; आत प्राणी असतो ही आमची श्रद्धा. जातीचं नाव पडलंय अंगोऱ्यावरून, म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं अंकारा. आपल्याकडे हे ससे पाळतात ते हिमाचलात, कुलूच्या थंडीत, लोकरीसाठी. आमच्याकडे तो आला मुलीच्या मैत्रिणीकडून. ती नोकरीला बेंगळूरला गेली, तिथल्या पीजीत ससा चालत नव्हता, आणि "काकांच्या घराला परडं आहे" एवढ्या एका पुराव्यावर पिंजरा आमच्या दारात उतरला. ससा नव्हे, मादी आहे. रंग बेळगावच्या खव्याच्या कुंद्यासारखा, म्हणून मुलीनं त्या मिठाईचंच नाव ठेवलं, कुंदा. समोरच्या काकूंचं नावही कुंदाच आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात नव्हतं यावर माझा अजून विश्वास नाही.

उन्हाळा पंख्याखाली आणि ओल्या फरशीवर निघाला. मग पाऊस लागला. बेळगावला पूर्वी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते थंड हवेमुळे, खरं जुलैत पावसाच्या बाबतीतही कुणी गरिबी दाखवत नाही. मिठाला पाणी सुटतं, दोरीवरची बनियन वाळायच्या आत पुन्हा वास मारते. नेमके तेव्हाच कुंदाचे केस गळायला लागले. अंगोऱ्याचे केस साधारण तीन महिन्यांनी गळतात. गळतात म्हणजे खाली पडतात असं मात्र नाही. सुटलेला केस उभ्या केसांत अडकतो, त्याला दमट हवा लागते, ससा वरून चाटतो, आणि त्याची गाठ बसते. गाठीही कुठे? पाठीवर, जिथे चहा पिता पिता फणी फिरवता येईल, तिथे एकही नाही. कानामागे, हनुवटीखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या बुडाशी.

पहिली गाठ हाताला लागली तशी मुलगी परड्यातून ओरडली, "बाबा, कुंदाच्या काखेत गाठ आल्या!" संध्याकाळी गल्लीतल्या दोन-तीन बायका समोरच्या काकूंच्या तब्येतीची चौकशी करून आल्या. काकू मग आमच्याकडे आल्या. त्या काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी ससा बघून त्यांचाही जीव कळवळला आणि त्या म्हणाल्या, "रिठ्यानं न्हाऊ घाल गे तिला. मी सांगतो बघ, माझं केस बघ अजून कसं हाईत."

तिथून अख्खी गल्ली डॉक्टर झाली. कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला म्हणाला, "आणा की, झिरो मशीन मारून सोडतो." खानापूरकडचा मावसभाऊ म्हणाला, धनगर मेंढरं कातरायला येतात, त्यातच हिलाही उरकू. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी अंगाला लावायची पावडर. पुतणीनं कंडिशनरची बाटली आणून दिली, निम्मी वापरलेली.

शेजारच्या आज्जींनी मात्र काहीच सांगितलं नाही. त्यांनी कानामागची गाठ बघितली आणि हात जोडले. "जट हाय ही. यल्लम्माची. कातरी लावू नका बघा."

यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे हे बोलणं कानाला नवं नाही. मला हसू आलं नाही. केसांत जट आली म्हणून या भागात कितीतरी पोरी देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. सशाला देवाला सोडा असं आज्जी म्हणाल्या नाहीत, एवढंच. पण हिनं कातरी उचलली ती पुन्हा खाली ठेवली, आणि मी कुंदाला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे आमच्यापुढे दोन शेळ्या आणि एक अल्सेशियन. अल्सेशियन पिशवीकडे एकटक बघत होता आणि पिशवी मागचा पाय आपटत होती. आमचा नंबर लागला. डॉक्टर कन्नडमधून बोलत होते, मी मराठीतून. बेळगावात ह्याला संभाषण म्हणतात.

मी विचारलं, "कातरीनं कापू?"

"कत्तरी ब्याड्री!" ते जवळजवळ ओरडलेच. ब्याड्री म्हणजे नको हो.

देवी आणि डॉक्टर एकाच बाजूला. आज्जींना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. डॉक्टरांचं कारण वेगळं होतं, इतकंच. सशाची कातडी कागदासारखी पातळ. गाठ वर ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर येते, आणि कातरी केसाबरोबर तिलाही घेते. केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते, हे बाहेरून दिसत नाही. म्हणजे सीमाप्रश्नच. आम्हाला त्याची सवय आहे, १९५६ पासून तो चालू आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण कुंदाच्या काखेतला प्रश्न तारखांवर ठेवण्यासारखा नव्हता.

मी गल्लीची यादी वाचायला लागलो. आंघोळ? "नीरु ब्याड्री." भिजली की गाठ आणखी आवळते, आतली लव लवकर वाळत नाही, ससा गारठतो, आणि आंघोळीच्या धसक्यानं जिवावरही बेतू शकतं. तेल? "यण्णी ब्याड्री." धूळ चिकटते, आणि ती ते सगळं चाटणार. पावडर? ती नाकात-छातीत जाते, ब्याड्री. मशीन? तीही पातळ कातडी पकडते, शिकलेल्या हाताचं काम. कंडिशनरची बाटली मी खिशातून काढलीच नाही.

"मत्त येन माड्ली?" मग करू काय, एवढं विचारण्यात माझं सगळं कन्नड एका दमात संपलं.

"सावकाश," डॉक्टर म्हणाले.

आणि तसंच सोडून द्यायचं म्हटलं तर तेही चालत नाही. गाठीनं कातडी ओढली जाते, खाली ओल धरून फोड येतात, शेपटीपाशी घाण अडकली तर पावसाळ्यात माशा अंडी घालतात. शिवाय सशाला उलटी होत नाही. मांजर गिळलेले केस ओकून मोकळं होतं, ससा नाही होत. पोटात गेलेला केस पुढेच ढकलावा लागतो, आणि त्याला भरपूर वाळलेलं गवत लागतं. आतडं थंडावलं की ससा खायचा थांबतो, आणि अर्धा दिवस त्यानं तोंड लावलं नाही तर सकाळची वाट बघायची नसते. तेव्हापासून मी रोज उठल्या उठल्या लेंड्या बघतो. गोल, मोठ्या, सुट्या असल्या की दिवस चांगला जातो. केसात ओवलेल्या निघाल्या की गवत वाढवायचं. पेपर नंतर.

तर सावकाश. आम्ही कुंदाला टॉवेलवर मांडीवर घेतलं. ती दोन मिनिटं बसली, मग तिनं असा झटका दिला की फणी मोरीत आणि मी उंबऱ्यावर. सशाच्या मागच्या पायांत एवढा जोर असतो की धरताना बुडाला आधार नसला तर लाथ झाडताना त्याचाच मणका मोडू शकतो. म्हणजे लाथ खायची ती आपण, आणि काळजी करायची ती तिच्या पाठीची. कुणीतरी सांगितलं होतं की उताणी केली की ससा गप्प पडतो. पडतो, पण भीतीनं गार होऊन. तसलं गप्पपण आम्हाला नको होतं.

हे सगळं आप्पा खाटेवरून बघत होते. आप्पांची उभी हयात वडगावात मागावर गेली. तुटलेली तार शोधून सांधायची, हेच त्यांचं काम होतं. अजूनही घरात कुणाच्या दोऱ्याचा गुंता झाला की तो मुकाट्यानं त्यांच्यापुढे जातो.

"काय करूलालास रे?" ते म्हणाले. "वढायचं न्हाई. वढलास की घट्ट हुतंय. हिकडं दे."

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं गाठीच्या मुळाशी, कातडीला चिकटून धरली, म्हणजे ओढ लागली तरी ती बोटांना लागेल. उजव्या हातानं गाठीचं टोक उलगडायला घेतलं. मुळाकडून नाही, टोकाकडून. हिनं स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लोअर आणलं, कारण डॉक्टरांनी तेवढ्याला परवानगी दिली होती. चिमूटभर गाठीत चोळलं की केस एकमेकांवरून सरकतात. गाठीची आधी दोन फाकं झाली, मग चार. कुंदानं एकदा पाय आपटला, मग आप्पांच्या धोतराचा काठ चावायला घेतला. तो त्यांनी चावू दिला. थोडं झालं की ते हात झटकायचे, "आता पुरे, तिला बी कटाळा येतोय." मला लाथ आणि ह्यांना कंटाळा.

काखेतली गाठ सगळ्यात हट्टी निघाली. कानामागची, जी आज्जी देवीची म्हणत होत्या, तीही एके दिवशी अलगद सुटली. कातरी न लावता सुटली म्हटल्यावर आज्जींचंही म्हणणं राहिलं. त्यांनी कुंदाला भंडारा लावायला आणला होता, तो मी पिंजऱ्याला लावून घेतला, कारण ती तो चाटणार.

आता आप्पांनी निघालेले केस एका पिशवीत साठवायला घेतलेत. परवा त्यातली मूठभर लव त्यांनी मांडीवर वळली, बोटभर लांब धागा केला आणि उजेडात धरून दोन्हीकडून ताणून बघितला.

"सूत झ्याक हाय. खरं एका सशात काय हुतंय? कानटोपी बी व्हायची न्हाई. अजून एक आण."

"एक कशाला, दोन आणा की!" ही आतून म्हणाली.

आप्पांना टोमणे कळत नाहीत. "दोन असल्या तर मफलरच हुईल," असं म्हणून ते चपला शोधायला लागले.