ब्रेक ऑइल आणि खोबरेल

आरे-वारेच्या उतारावर गाडीने समुद्राकडे नाक खाली केले की ब्रेकचा लाल दिवा लागे आणि सपाटी आली की विझे. तीन दिवस हा खेळ पाहून चौथ्या सकाळी मी डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा नवा डबा आणला आणि खळ्यात बॉनेट उघडले. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी 'मिन'च्या रेघेखाली गेली होती. झाकणाभोवतीची धूळ फडक्याने पुसून मी ते उघडले, तोच शेजारचे नाना अडकित्ता वाजवत गडग्यावरून आत आले. नानांनी आयुष्यात सायकलसुद्धा घेतलेली नाही.

"काय पाजतोयस तिला?"

"ब्रेक ऑइल, नाना."

"मग विकतचं कशाला? घरच्या खोबऱ्याचं घाण्यावरून काढून आणलंय, वाटीभर देतो."

एकतीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही. मी सांगितले की हे तेल नव्हेच, ग्लायकॉल जातीचे द्रव आहे. यात तेल पडले तर आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. (ज्याला तेल अजिबात चालत नाही त्याचे नाव बाजारात 'ऑइल' पाडणाऱ्या महाभागाला मी एकदा भेटू इच्छितो.) शिवाय हे द्रव हवेतले पाणी ओढते. कोरे असताना ते निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण तीन-चार टक्के पाणी मुरले की १५५ अंशांवरही उकळू शकते. मग घाटात ब्रेक तापले की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखालून निघून जाते. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

नानांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "म्हणजे पापडासारखं सादळतं."

"अगदी बरोबर!"

"मग पावसाळी हवेत डबा उघडा टाकून व्याख्यान कसलं देतोयस?"

मी घाईने ओतायला घेतले आणि धार मडगार्डवर गेली. हे द्रव रंग खाते, तेव्हा ते न पुसता पाण्याने धुवायचे असते, हे मला पाठ आहे. मी ते फडक्याने पुसले. तांब्याभर पाणी ओतले नानांनी, तरी सुपारीएवढा डाग पडलाच. मग मी हट्टाने 'मॅक्स'पर्यंत टाकी भरली.

"झाकण घट्ट, नळ्या बंद, खाली थेंब नाही," नाना म्हणाले. "मग आधीचं गेलं कुठे? उडून जायला तो काय कापूर आहे?"

"होतं थोडंफार कमी," असे मी म्हणालो. विद्यार्थ्याने हे उत्तर लिहिले असते तर मी शून्य दिले असते.

नानांना बँकेत जायचे होते, म्हणून रत्नागिरीच्या गॅरेजातही ते माझ्यासोबत होते. मिस्त्रीने पुढचे चाक काढले. ब्रेक पॅड झिजून पत्र्याला टेकायला आले होते. पॅड झिजतात तसा त्यांना दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला टाकीतले द्रव खाली उतरते. दोनच महिन्यांपूर्वी एका सर्व्हिस सेंटरने बिलात 'ब्रेक तपासणी'पुढे ठसठशीत बरोबरची खूण करून माझ्याकडून पैसे घेतले होते. चाकाला हात लावला असता तर त्यांना हे दिसले असते; पण खूण करायला चाक काढावे लागत नाही. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

मिस्त्रीने नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबला. गेलेले सगळे द्रव परत वर आले आणि काठोकाठ भरलेल्या टाकीतून थेट त्याच मडगार्डवर सांडले.

"टाकी कोणी भरली ही?"

नानांनी न बोलता अडकित्ता माझ्या दिशेने धरला.

मिस्त्रीने जादा द्रव पिचकारीने ओढून बाटलीत भरले. ते टाकून देणार, तोच नानांनी हात पुढे केला. "वाया कशाला? फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरतात, त्यांना घालीन."

त्या फाटकाला नानांनी गणपतीसाठी नुकताच नवा निळा रंग दिला आहे. या वेळी मी व्याख्यान दिले नाही.