आबांचा एक रुपया

1 ऑगस्ट 2025ला सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विनोद फिरत होता. पत्ते खेळणाऱ्याला क्रीडा खातं. तीन ग्रुपवर आला, तिन्हीकडे हसून लोळणारे चेहरे. मला हसू आलं नाही. कृपा करून मला तो पाठवू नका.

आदल्या दिवशी, 31 जुलैला रात्री, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात माणिकराव कोकाटेंचं कृषी खातं दत्तात्रय भरणेंकडे गेलं आणि भरणेंचं क्रीडा खातं कोकाटेंकडे आलं. मंत्रिपद तेव्हा शाबूत राहिलं. त्याच दिवशी आमचे आबा परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी ऑनलाइन सेंटरवर सर्व्हर सुरू होण्याची वाट बघत बसले होते. खरिपाच्या पीक विम्याची ठरलेली शेवटची तारीख होती ना!

त्याच्या मागच्या वर्षीही आबांनी विमा भरला होता. तेव्हा एक रुपयात होता. आबांनी रुपयाचं नाणं टेबलावर ठेवलं. सेंटरवाल्याने वरचे शंभर घेतले ते वेगळेच. पावती आबांनी घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात आमचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. 72 तासांत तक्रार नोंदवायची म्हणून हा माणूस रेंज मिळावी म्हणून बांधावर चिखलात उभा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात ती पावती. जे पैसे आले ते फवारणीच्या उधारीतच गेले.

आणि 2025च्या फेब्रुवारीत कृषिमंत्री कोकाटे म्हणाले, भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही, आम्ही एक रुपयात विमा दिला. आबांनी ती बातमी टीव्हीवर बघितली. काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. बोगस अर्ज झाले, मान्य. सरकारी जमिनींवरसुद्धा विमे उतरवले लोकांनी. पण आबांनी बोगस काय केलं होतं?

मग कोकाटे म्हणाले, कर्जमाफीच्या पैशातून साखरपुडे आणि लग्नं करता. मग म्हणाले, ढेकळांचे पंचनामे करायचे का? मग सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा तो व्हिडिओ. म्हणे जाहिरात आली होती, ती काढत होतो, रमी मला येतच नाही. ठीक आहे, नसेल येत. मला पत्त्यांचा राग नाही हो! त्या आधीच्या सहा महिन्यांच्या बोलण्याचा आहे. त्याच अधिवेशनात सरकारने लेखी उत्तर दिलं, जानेवारी ते मार्च 767 शेतकरी आत्महत्या. तीन महिन्यांत 767 घरं. आणि लातूरला कोकाटेंच्याच राष्ट्रवादीचे नेते सुनील तटकरेंसमोर पत्ते टाकून जाब विचारायला गेलेल्या छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली.

इतकं होऊनही कोकाटेंना तेव्हा काढलं नाही, कारण महायुतीच्या तीन पक्षांच्या वाटणीत प्रत्येकाला आपला माणूस आणि आपली जागा सांभाळायचीय. खातं राष्ट्रवादीचं, राष्ट्रवादीतच राहिलं. शिंदेंच्या शिवसेनेचे मंत्री संजय शिरसाटांचा पैशाच्या बॅगेचा व्हिडिओ आला, त्याच पक्षाचे राज्यमंत्री योगेश कदमांच्या आईच्या नावच्या बारचं प्रकरण आलं, दोघंही तेव्हा जागेवरच राहिले. एकाला हात लावला तर दुसरा विचारणार, मग त्यांच्या माणसाचं काय? मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा यायला 2024च्या डिसेंबरातल्या, बीडमधल्या सरपंच संतोष देशमुखांच्या खुनापासून मार्च उजाडावा लागला. आघाडीच्या काळातही मंत्र्यांचे राजीनामे ओढून घ्यावे लागले होते, तेही विसरलेली नाही मी.

भरणेंवर माझा आज काही राग नाही. त्यांनी एकदा असं सेंटरवर जाऊन बसावं, गाड्यांचा ताफा न घेता. शेतकरी सातबारा पिशवीतून कसा काढतात ते बघावं, दोन्ही हातांनी.

रात्री फोन केला तेव्हा आबांना खातेबदलाचं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे बाई, विमा भरला एकदाचा." एक रुपयाची योजना बंद झालीय, 2025च्या खरिपाला दोन टक्क्यांनी हप्ता भरलाय. नवी पावती त्याच पिशवीत ठेवलीय. जुनी फेकू का विचारलं, तर नको म्हणाले.