जिमखान्याच्या किल्ल्या कुणाकडे?

पुण्याला फोन केला की मित्रांमधला एक वाद हमखास कानावर येतो: कॉलेजच्या निवडणुका पुन्हा घ्याव्यात का? 'नकोच' म्हणणारे बहुतेक माझ्याच वयाचे. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, ते दिवस ते विसरलेले नाहीत. पुढे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येणारा आपसूक प्रतिनिधी होऊ लागला. (गणितात पंच्याण्णव मिळवणाऱ्याला गॅदरिंगच्या मांडवातलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही.) 2016 च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, त्या कागदावरच.

गंमत म्हणजे त्याच 1994 साली इथे ब्रिटनमध्येही विद्यार्थी युनियनसाठी कायदा झाला, आणि हेतू इथेही वेसण घालण्याचाच होता. पण वेसण कसली, ते बघा. मुख्य पदांसाठी गुप्त मतदान, प्रत्येक सभासदाला मत, नको असेल त्याला सभासद न होण्याची मुभा. शिवाय क्लबांना पैसे वाटण्याची पद्धत न्याय्य हवी, लेखी हवी आणि कुठल्याही विद्यार्थ्याला ती बघता आली पाहिजे. माझी मुलगी नाटकाच्या सोसायटीची खजिनदार आहे. वेशभूषेवर किती खर्च झाला याचा हिशेब ती प्राध्यापकांना नाही, सभासदांना देते.

इथलं सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची युनियन 1893 ची, पण मुलींची युनियन वेगळी होती. दोन्ही एक व्हायला 1945 उजाडलं. आजही मतदान करायला सगळे येतात असं नाही. आणि पुण्यातली धग मला इथे सापडत नाही. पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा, 1963 पासून चालू आहे; पावसात भिजत तालमीला जाणारी पोरं इथे कुठली? 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तर अख्खं गाव भांडलं. कॉलेजच्या एकांकिकेवरून लंडनकर कशाला भांडतील!

उत्साह तर पुण्यात उतू जातो. सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, मुलं 1928 पासून चालत आलेली रेगाटा (नदीवरचा होड्यांचा सोहळा) स्वतः उभी करतात, म्हणजे जबाबदारी दिली तर पेलतात. बाकी बऱ्याच ठिकाणी वाङ्मय मंडळ असो की क्रीडा मंडळ, अध्यक्ष प्राध्यापक, सही प्राचार्यांची, आणि जिमखाना फी भरणाऱ्या मुलाला फक्त पावती.

म्हणून माझं म्हणणं मित्रांना पटत नाही, पण सांगतो: निवडणुकांवर भांडण्याआधी जिमखाना फीचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावा आणि मंडळांचे खजिनदार मुलांनाच निवडू द्या. गुंडगिरीची भीती वाटते ना? मग एवढ्याशा पदापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? हेच भाच्याला सांगितलं, म्हटलं, हिशेब माग. तो म्हणाला, "मामा, इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात."