अंगठा दाबणारे काका

मला हव्या असलेल्या बुटाचा मॉलमधल्या त्या दुकानात माझ्या मापाचा एकच जोड होता आणि तो दुसऱ्याच्या पायात होता, एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती.

तो दुसरा, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा एक सद्गृहस्थ, दुकानभर फेऱ्या मारत होता. आधी सावकाश, मग भरभर, मग नुसत्या टाचांवर. जागच्या जागी उड्या मारून झाल्यावर त्याने मोबाइल पायांपाशी धरून पत्नीला बूट सर्व बाजूंनी दाखवले. पलीकडून समाधान होईना, तेव्हा तो माझ्याकडे वळला. "काका, जरा पुढून दाबून बघता का? अंगठ्याला जागा आहे ना?" माझ्या वयाच्या माणसाने मला काका म्हणावे, याचा निषेध करायच्या आत मी खाली वाकलो होतो. जागा होती. "डावाही बघा." डाव्यातही होती. मग त्याने खोक्यावरचा कोड मोबाइलमध्ये टिपला, "इथल्यापेक्षा स्वस्त आहे, परवा घरी येईल," असे विक्रेत्याच्या देखत जाहीर केले आणि बूट काढता काढता मला म्हणाला, "मॉलमध्ये पूर्वीसारखी मजा राहिली नाही हो, काका. किती दुकानं बंद पडली बघा! लोक येतच नाहीत."

मी तो जोड मागितला. विक्रेता नम्रपणे म्हणाला, "हा फक्त घालून बघण्यासाठी आहे. कोड स्कॅन करा, घरपोच येईल."

ग्राहक घरबसल्या मागवतो म्हणून दुकानदार माल कमी ठेवतो आणि माल नाही म्हणून उरलासुरला ग्राहकही घरबसल्या मागवू लागतो, हे चक्र मला समजते. मोठे दुकान उठले की त्याच्या वाटेवरच्या छोट्या दुकानांची गिऱ्हाइके तुटतात आणि मग तीही उठतात, हेही समजते. त्यात वाकण्याचे काम विनावेतन माझ्याकडे का यावे, एवढेच समजत नाही.

व्हिएन्नात जन्मलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने १९५६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 'साउथडेल' हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, तेव्हा त्याच्या मनात भोवती घरे, शाळा, दवाखाने असे आख्खे गाव होते. पुढे सगळीकडे दुकाने आणि वाहनतळ एवढेच वाढत गेले आणि उतारवयात त्याने या अपत्याशी नाते नाकारले. आत आलेल्या माणसाने कशासाठी आलो हे विसरून भलतेच घेऊन जावे, या परिणामाला मात्र आजही त्याचेच नाव आहे. आता तसे विसरण्यासाठी कपडे बदलून बाहेर पडावे लागत नाही. अंथरुणात पडल्या पडल्या विसरता येते. ओहायोतला 'रँडल पार्क' हा प्रचंड मॉल १९७६ साली उघडला, २००९ साली बंद झाला आणि तो पाडल्यावर २०१८ साली त्या जागी अॅमेझॉनचे गोदाम सुरू झाले. निदान तिथे माझ्या मापाचा बूट असेल.

मॉलमध्ये नसलेली गर्दी मला वाहनतळाच्या फाटकावर भेटली. दुकानाचे बिल दाखवल्यास पार्किंग मोफत, असा तिथला नियम आहे आणि माझ्या पुढच्या गाडीतून एक ओळखीचा हात मोबाइल नाचवत होता. "अहो, खरेदी मी तुमच्याच मॉलमध्ये उभं राहून केली आहे!" फाटकावरचा मुलगा ऐकेना आणि मागे भोंगे वाजू लागले, तेव्हा त्या गृहस्थाने खिडकीतून डोके काढून माझ्याकडे बोट दाखवले. "मागच्या काकांना विचारा! त्यांनीच अंगठा दाबून बघितला आहे."

मुलगा माझ्याकडे आला. मी नाइलाजाने खरे ते सांगितले. त्याने फाटक उघडून पुढची गाडी फुकट सोडली आणि माझ्यापुढे हात केला. "काका, तुमचं बिल?"