कडकनाथची तीनशे अंडी आणि आत्तीची शुगरची गोळी

मंगळवारी कागलहून आत्तीचा फोन. "वीस कडकनाथ पिल्लं बघ की रं. लई शांत जात हाय म्हणं, वर्साला तीनशे अंडी. आन् ती अंडी खाल्ली की शुगरची गोळी बंद. मी चार दिस झालं घेतलीच न्हाई."

कडकनाथ या काळ्या कोंबडीची आणि तिच्या काळ्या अंड्यांची ही महती सांगणारा मेसेज भावकीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय. तेव्हा हसून सोडला होता, आता सोडवत नाही. संध्याकाळी कागल गाठलं, आत्तीच्या बोटाला सुई टोचली. साखर 268. फडताळात पन्नास रुपयाला एक अशा दरानं आणलेली अंडी, शेजारी गोळ्यांचं भरलेलं पाकीट.

तर आधी गोळीचंच. अंड्यात पिष्ट जवळपास नसतंच, त्यामुळं अंडं खाऊन साखर चढत नाही. पोह्यांच्या जागी उकडलेलं अंडं खाल्लं तर बरंच. एवढंच काय ते खरं, आणि ते पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यालाही तितकंच लागू. न चढवणं वेगळं, उतरवणं वेगळं. उतरवायचं काम गोळी करते. अंडं काळ्या कोंबडीचं आहे हे आत्तीच्या स्वादुपिंडाला कोण सांगणार?

आता तीनशे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं देशी जातींचे आकडे दिलेत. कडकनाथ : वर्षाला 105 अंडी, अंड्याचं वजन 49 ग्रॅम, पहिलं अंडं 180 दिवसांनी. म्हणजे सहा महिने नुसतं खाद्य घालायचं, मग साडेतीन दिवसाला एक अंडं. असील ही दुसरी देशी जात तर 92 वरच थांबते. याच संस्थेनं कडकनाथच्या संकरातून 'श्यामा' काढली, तिची 210. मेसेज लिहिणाऱ्यानं श्यामाचा आकडा कडकनाथला चिकटवून वर नव्वद आपल्या पदरचे घातले असतील, तर नवल नाही.

तीनशे अंडी देणारी जुनी जात नाहीच, असं मात्र म्हणवत नाही. ऑस्ट्रेलियात 1922-23 च्या स्पर्धेत ऑस्ट्रेलॉर्पच्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1,857 अंडी दिली. सरासरी 309. रंगानं तीही काळीच, पण फक्त पिसांनी. आणि ते स्पर्धेतलं खाद्य, स्पर्धेतली देखभाल. परसात उकिरडा उकरून कुणी तीनशे देत नाही.

काळं अंडं? कडकनाथची कातडी, मांस, हाडं काळी. अंडं फिकट तपकिरी. पुढं.

शांत? गडहिंग्लजच्या मित्राकडं दहा होत्या. फाटक वाजलं की निम्म्या छपरावर. हाताळायला माणसाळलेली कोंबडी हवी तर ऑस्ट्रेलॉर्प किंवा आरआयआर (म्हणजे ऱ्होड आयलंड रेड) बघा, त्यातही आरआयआरचा कोंबडा कधीकधी पोटरीला चोच मारतो. कोंबडा नको असेल तर ठेवूच नका. "कोंबड्याशिवाय अंडी न्हाईत" हेही त्याच मेसेजमधलं. अंडी येतात, फक्त पिल्लं निघत नाहीत.

कडकनाथ वाईट पक्षी नाही. काटक आहे, मांसात चरबी कमी, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण मेसेजच्या शेवटी "अंडी आम्हीच परत घेऊ" अशी ओळ आहे, आणि ती वाचून माझं डोकं फिरलं. 2019 साली आपल्याच सांगली-कोल्हापुरात कडकनाथच्या अशाच योजनांत किती जणांचे पैसे बुडाले! एवढ्यात विसरलो?

आत्तीनं गोळी माझ्यासमोर घेतली. वीस पिल्लांवरून सहा तलंगांवर, म्हणजे अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्यांवर आली, आरआयआरच्या, मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचलेल्या. डालगं शेजारच्या काकू देणार आहेत. निघताना मागून ओरडली, "त्यात एक तरी काळी आण, दिसाय बरी दिसतीय."