पंचवीस हजारांचा दंड अर्ज करणाऱ्याला होत नाही

गेल्या रविवारी मामीकडे गेले होते. फ्रिजवरचे कागद सरकून खाली पडले, त्यात पाण्याच्या बिलाखाली एक फुलस्केप होता. मधोमध फाडलेला, आणि वरच्या तुकड्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तसंच चिकटलेलं. माहिती अधिकाराचा अर्ज, मामीच्या अक्षरात. "हे का फाडलंस?" विचारलं तर म्हणाली, "राहू दे गं. पंचवीस हजार कुठून भरू मी?"

मामी चौसष्ट वर्षांची, एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरासमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि तिच्या उंबऱ्यापेक्षा चांगला वीतभर उंच झाला. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की पाणी सरळ घरात येतं. गेल्या जुलैत तिने कपाटं विटांवर चढवली. ही उंची कुणी ठरवली, कागदावर काय होतं, एवढंच तिला बघायचं होतं. अर्ज लिहिला, तिकीट आणलं, आणि द्यायला जायच्या आदल्या रात्री भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज आला.

तुमच्याकडेही आला असेल. "महापालिकेतून कागदपत्रं मागवण्याआधी हे वाचा" अशी सुरुवात. खाली सहा मुद्दे. अर्ज चुकला तर अर्जदाराला २५,००० रुपये दंड. कारण आणि आधार कार्ड द्यावंच लागतं. अर्ज १५० शब्दांच्या वर गेला की केराच्या टोपलीत. प्रत्येक पानाला १०० रुपये. नव्या डेटा कायद्याने माहिती अधिकार संपवलाच आहे. आणि शेवटी, तरीही कागद हवेच असतील तर कार्यालयात ओळख असलेला जाणकार माणूस गाठा, तो काढून देईल.

हा मेसेज कुणी लिहिला ते मला माहीत नाही. पण तो वाचून एका बाईने अर्ज फाडला, म्हणून उत्तर देते आहे.

आधी दंडाचं बोलू, कारण मामीला घाबरवलं ते त्यानेच. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा आहे, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. सगळी मिळून ३१ कलमं. मराठीत मिळतो. रविवारी संध्याकाळी मामीला शेजारी बसवून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अर्जदाराला दंड करायची तरतूद त्यात एकाही कलमात नाही. दंड आहे तो कलम २० मध्ये, आणि तो जन माहिती अधिकाऱ्याला आहे, म्हणजे अर्ज घेऊन माहिती देणं हे ज्याचं काम आहे त्याला. सबळ कारण नसताना अर्ज घ्यायला नकार दिला, मुदतीत माहिती दिली नाही, वाईट हेतूने नाकारली, माहीत असून चुकीची किंवा अर्धवट दिली, मागितलेला कागद नष्ट केला, तर माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड लावतो. आणि या दंडाची कमाल मर्यादा किती? २५,००० रुपये. म्हणजे आकडा कायद्यातलाच उचललाय, फक्त ज्याच्या मानेवर होता त्याच्यावरून काढून मागणाऱ्याच्या मानेवर ठेवलाय. मला सगळ्यात संताप आला तो याचा. साधी चूक असती तर आकडा तरी वेगळा असता.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती मी मामीला दोनदा वाचून दाखवली. आपण वाजवीपणे आणि तत्परतेने वागलो हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे. अर्जदाराने काही सिद्ध करायचं नाही.

मग अर्ज चुकला तर होतं काय? रस्ता महापालिकेचा नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला, तर तो अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचं काम ज्याच्याकडे अर्ज गेला त्या अधिकाऱ्याचं आहे, कलम ६(३). लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं कागदावर उतरवायला त्याने मदत करायची, हेही कलम ६ मध्येच आहे. अगदी वाईटात वाईट म्हणजे अर्ज नाकारला जाईल आणि दहा रुपये जातील.

आता जे खरं आहे ते मान्य करते. मामीचा फाडलेला अर्ज मी जोडून वाचला. त्यात एकच प्रश्न होता: "आमच्या गल्लीतला रस्ता एवढा उंच का केला?" या अर्जाला उत्तर आलं नसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगून ठेवलंय की अमुक का केलं, अमुक का केलं नाही, याची कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे. अधिकाऱ्याकडे जे नोंदलेलं आहे तेवढंच तो देणार. तेव्हा "का" विचारायचं नाही, कागद मागायचा. "का" चं उत्तर बहुतेक वेळा त्या कागदातच असतं.

दुसरी कबुली १५० शब्दांची. महाराष्ट्राने २०१२ साली आपल्या नियमांत ही अट घातली: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपर्यंत. मला ही अट आजही पटत नाही, पण ती आहे. तिच्यात "सर्वसाधारणपणे" हा शब्द आहे आणि केराची टोपली कुठेच नाही. विषय दोन असतील तर दोन अर्ज करायचे, संपलं.

कारण आणि आधार: कलम ६(२) म्हणतं की माहिती कशासाठी हवी हे विचारायचं नाही, आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडे वैयक्तिक तपशील मागायचा नाही. नाव, पत्ता, सही. बस. पानाला १०० रुपये हे तर कुठून आणलं कळत नाही. आपल्या नियमांत साध्या पानाला २ रुपये आहेत, आणि तीस दिवसांची मुदत टळली तर तेही घ्यायचे नाहीत.

डेटा कायद्याच्या मुद्द्यावर मात्र सरळ "खोटं" म्हणून मला पुढे जाता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर मिळायची, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारायची नाही, असं सुंदर वाक्य त्यात होतं. ते गेलं. आता नुसतं "वैयक्तिक माहिती" म्हटलं की ती न देण्याची सूट. याचा गैरवापर होणार, त्याला विरोध केलाच पाहिजे. पण कायदा संपला म्हणणं वेगळं. लोकहित मोठं असेल तर माहिती द्यायची हे कलम ८(२) जागेवर आहे. नाव झाकून उरलेला कागद द्यायचा हे कलम १० जागेवर आहे. आणि रस्त्याचं अंदाजपत्रक कुणाची वैयक्तिक माहिती आहे? काँक्रीटच्या जाडीला कसली आलीय गोपनीयता?

भीतीचंही एक बोलायला हवं. माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झालेत. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. जमिनींचे व्यवहार खणून काढणाऱ्यांना असलेला धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण म्हणूनच खोटी भीती पसरवणाऱ्यांची मला जास्त चीड येते.

राहिला तो जाणकार माणूस. मामीला शेजारच्यांनी असा एक सुचवलाही होता, तीन हजार म्हणाला. तीन हजार कशाचे? फाईल बघायला महापालिकेत अर्जसुद्धा लागत नाही. राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे: महापालिका, जिल्हा परिषदा आणि जिल्हा पातळीवरची सरकारी कार्यालयं यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हे आधीपासून चालू होतं, ते मग राज्यभर नेलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. मामीला घेऊन गेले. टेबलावरचे गृहस्थ आधी म्हणाले, "असं काही नसतं मॅडम." परिपत्रकाची प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी ती आत नेली, पंधरा मिनिटांनी परत आले आणि फाईल काढून दिली. पेन बाजूला ठेवायला लावलं. पेन्सिलच चालते, तसा नियमच आहे, त्यामुळे तक्रार नाही. लाल नाडीची फाईल, आणि तिच्याबरोबर मोजमाप पुस्तिका, जिला तिथे सगळे एमबी म्हणतात. ठेकेदाराचं बिल निघतं ते या एमबीतल्या नोंदींवर, म्हणून रस्त्याची फाईल बघायला गेलात तर सगळ्यात आधी ती मागा.

अंदाजपत्रकात तिसरी बाब होती: जुना डांबरी थर खरवडून काढणे. पुढे लांबी, रुंदी, जाडी, दर. एमबीत त्याच बाबीपुढे काम झाल्याची नोंद आणि खाली सही. मामीने त्या ओळीवर पेन्सिलचं टोक ठेवलं आणि म्हणाली, "अगं, खरवडायला कुणी आलंच नव्हतं. मी दारातच बसून असायचे. जुन्या रस्त्यावरच ओतलं सगळं." तिचा "का" तिला सापडला होता.

नोंद खोटी आहे की आणखी काही, हे ठरवायचा अधिकार मला नाही. पण आता तिच्याकडे विचारायला नेमका प्रश्न आहे. तिथेच बसून तिने नवा अर्ज लिहिला, जोडपत्र अ च्या नमुन्यात: अमुक रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायची मुदत) नमूद असलेलं पान, यांच्या साक्षांकित प्रती. साठ शब्दसुद्धा झाले नाहीत. आवक कक्षात दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. ही पोच सोडू नका, पुढचे सगळे दिवस तिच्यावरून मोजले जातात.

आणि "फाईल सापडत नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली सरकारी कागद बेकायदा नष्ट करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढं वाक्य पत्रात घातलं की बऱ्याच हरवलेल्या फायली सापडतात.

सगळं सुरळीत होईल असं मी म्हणत नाही. दुसरं अपील माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे वर्ष-वर्ष तारीख लागत नाही. पण पहिलं अपील त्याच महापालिकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असतं, आणि त्याने ते तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली काढायचं असतं. त्याला जोडपत्र ब आणि वीस रुपयांचं तिकीट लागतं. ते तिकीट मामीने येतानाच विकत घेतलं. पोचेसोबत क्लिप लावून फ्रिजवर ठेवलंय, या वेळी पाण्याच्या बिलाच्या वर.